लेटॉर्टचे तुडतुडे

पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल या गावाच्या दक्षिणेला चुनखडीच्या खडकातून झरे फुटतात. त्यांच्या पाण्याचा ओढा होतो आणि लेटॉर्ट या नावाने तो गावातून उत्तरेकडे वाहत जातो. त्याची लांबी जेमतेम १५ किलोमीटर आहे. पाणी जमिनीखालून येत असल्यामुळे उन्हाळ्यात ते फारसे तापत नाही आणि हिवाळ्यात गोठत नाही. चुनखडीच्या पाण्यात पाणवनस्पती दाट वाढतात, त्या वनस्पतींत असंख्य बारीक जीव राहतात आणि त्या जिवांवर ब्राउन ट्राउट जातीचे मासे पोसले जातात. प्रवाह इतका संथ आणि पाणी इतके नितळ, की काठावरून चालणाऱ्या माणसाच्या पावलांचा हादरासुद्धा माशाला कळतो. फ्लाय फिशिंग करणाऱ्यांच्या जगात या लहानशा ओढ्याचे नाव फार मोठे आहे, आणि ते मोठे होण्यात मिलिमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या कीटकांचा वाटा बराच आहे.

ज्यांना हा प्रकार परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कोळंबी लावत नाहीत. पिसे, प्राण्यांची लव, दोरा आणि बारीक तार वापरून गळावरच कीटकाची प्रतिकृती बांधतात, आणि तिलाच फ्लाय म्हणतात. ती इतकी हलकी असते की तिला लांब फेकताच येत नाही. म्हणून वजन दोरीत ठेवलेले असते, आणि काठीने ती जाडसर दोरी हवेत झुलवून तिच्या टोकाची फ्लाय पाण्यावर अलगद उतरवायची असते. आमच्याकडे देवगडला खाडीवर गरवायला बसणारी माणसे आमिष ताजे आहे ना, याची आधी खात्री करतात, कारण गढूळ पाण्यात मासा वासाने येतो. इथे वासही नाही आणि चवही नाही. माशाला जे दिसते तेवढ्यावरच सारा व्यवहार चालतो, आणि म्हणून फ्लाय बांधणाऱ्याला मासा काय पाहतो याचा विचार करण्यावाचून गत्यंतर नसते.

१९४० च्या दशकात व्हिन्सेंट मॅरिनारो आणि चार्ल्स फॉक्स हे दोन मित्र लेटॉर्टवर मासेमारी करत असत. उन्हाळ्याच्या मध्यावर, दुपारच्या वेळी, जेव्हा पाण्यातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या कीटकांचा हंगाम संपलेला असे, तेव्हाही ट्राउट एका जागी स्थिर राहून पृष्ठभागावरून काहीतरी टिपत असत. पाण्यावर लहान लहान वलये उमटत, पण काठावर उभे राहून पाहिले तर पाण्यावर काहीच दिसत नसे. प्रचलित असलेल्या साऱ्या फ्लाय त्या माशांनी नाकारल्या होत्या. तेव्हा मॅरिनारो काठावर पालथे पडले, डोळे पाण्याच्या पातळीजवळ नेले आणि बराच वेळ फक्त पाहत राहिले. त्या पातळीवरून त्यांना दिसले की पाण्याच्या पापुद्र्यात अतिशय बारीक कीटक अडकून वाहत चालले आहेत. बारीक जाळी धरून त्यांनी ते गोळा केले. त्यांत मुंग्या होत्या, चिमुकले भुंगेरे होते आणि गवतावरून उडून पाण्यात पडलेले तुडतुडे होते. हे पाण्यात जन्मणारे कीटक नव्हते. कुरणातून, झुडपांवरून वाऱ्याने आलेले ते जमिनीवरचे जीव होते, आणि तोपर्यंत त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष दिलेले नव्हते.

पालथे पडून पाहण्याच्या त्या कृतीबद्दल मला अपार आदर आहे. अनुभवी माणसे अपयशाचे खापर सहसा हवामानावर किंवा माशांच्या लहरीवर फोडतात. या दोघांनी तसे केले नाही. मासा खातो आहे, तेव्हा खाण्याजोगे काही तिथे असलेच पाहिजे, या साध्या तर्काला ते धरून राहिले.

पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. तीन मिलिमीटरच्या कीटकाची नक्कल कशी करायची? मोठ्या फ्लायवर शेपटी, धड, पंख, पाय असे सारे अवयव बांधता येतात. पण तीच पद्धत इतक्या लहान गळावर वापरली तर साहित्याचा नुसता गोळा होतो. मॅरिनारोंनी या प्रश्नाकडे माशाच्या बाजूने पाहिले. मासा पृष्ठभागावरच्या कीटकाला खालून पाहतो. वरचे आकाश त्याच्या डोळ्यांसमोर असते आणि कीटक त्या उजेडासमोर काळी आकृती म्हणून दिसतो. अशा वेळी कीटकाची लांबी-रुंदी कळते, परंतु त्याची जाडी कळत नाही. म्हणजे जाडी हा गुण माशापर्यंत पोहोचतच नाही, आणि जो गुण पोहोचत नाही तो बांधण्याचे कारण नाही. धड बांधायचेच नाही, असा निर्णय त्यांनी घेतला. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हा विचार विस्ताराने मांडला आहे, आणि लहान फ्लाय बांधणाऱ्या आजच्या माणसाचा हात कळत-नकळत त्याच विचाराने चालतो असे मला वाटते.

त्या फ्लायचे नाव जॅसिड. ती बांधायला दोनच पिसे लागतात. कोंबड्याच्या मानेचे एक बारीक पीस, ज्याला हॅकल म्हणतात, ते गळाच्या दांड्यावर मागून पुढे गुंडाळत आणायचे. त्याचे तंतू चोहोबाजूंनी उभे राहतात, ते खालून आणि वरून कात्रीने उतरवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना फक्त पाय उरतात आणि फ्लाय पाण्यात सपाट बसते. मग त्यावर एकच लहान, लंबगोल, अपारदर्शक पीस आडवे झोपवून बांधायचे. झाला तुडतुडा. पाठीवर कौलारू छपरासारखे मिटलेले त्याचे पंख खालून पाहणाऱ्याला तसेच लंबगोल दिसतात.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तुडतुड्याची ओळख करून द्यावी लागत नाही. कपाशीच्या पानाखाली तिरके तिरके पळणारे ते हिरवट किडे, भातावरचे हिरवे तुडतुडे आणि मोहोराच्या दिवसांत आंब्याचा रस शोषून पाने चिकट करणारे तुडतुडे, हे सारे कुठल्या ना कुठल्या नात्याने एकमेकांचे भाऊबंदच. देवगडच्या माझ्या मामांना मी एकदा व्हिडिओ कॉलवर भिंगाखाली ठेवलेली जॅसिड दाखवली. चष्मा वर करून त्यांनी पाहिले आणि मी काही सांगण्याआधीच म्हणाले, "अगो, ह्यो तर तुडतुडो!" मग लगेच, कुठल्या झाडावर मिळाला आणि फवारणी केलीत की नाही, असे त्यांनी विचारले. आयुष्यभर हापूसच्या बागेत वावरलेल्या माणसाने, दोन पिसांनी बांधलेला आणि धड नसलेला किडा क्षणात ओळखला, याचा मला फार आनंद झाला. मामांनी तो वरून पाहिला होता, हे खरे. माशाची परीक्षा निराळी असते.

या फ्लायचा सह्याद्रीशी आणखी एक धागा आहे, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. मॅरिनारोंनी पाठीवर बांधलेले ते लंबगोल पीस आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे आहे. भल्या पहाटे कोयनेच्या किंवा आंबोलीच्या रानात ज्याची तुटक, खरखरीत बांग ऐकू येते तोच हा पक्षी. तो फक्त भारतात सापडतो. नराच्या मानेवरील प्रत्येक पिसाच्या टोकाशी पांढरे आणि पिवळसर, कडक, मेणचट ठिपके असतात. इंग्लंडमध्ये सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या भरजरी फ्लायमध्ये या पिसाला एकोणिसाव्या शतकापासून मान होता, आणि त्या हौसेपायी भारतातून या पक्ष्याच्या कातड्या मोठ्या प्रमाणावर बाहेर जात होत्या. १९६० च्या दशकात भारताने ही निर्यात बंद केली. आज परदेशी बाजारात कायदेशीररीत्या मिळते ते पीस पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांचे असते आणि ते फार महाग असते.

मी ते पीस वापरत नाही. पाळलेल्या पक्ष्याचे असले तरी वापरावेसे वाटत नाही, आणि यामागे भावनेखेरीज एक कारण मॅरिनारोंच्याच विचारात आहे. मासा जर खालून फक्त बाह्यरेषा पाहत असेल, तर पिसाच्या वरच्या अंगावरील ठिपक्याचे तेज त्याला कधीच दिसत नाही. ते तेज डबी उघडून पाहणाऱ्या माणसासाठी आहे. त्या पिसाचे खरे उपयोगी गुण दोनच, एक त्याचा आटोपशीर आकार आणि दुसरा त्याचा अपारदर्शकपणा, आणि हे दोन्ही गुण साध्या काळ्या कोंबडीच्या पिसातही आणता येतात. पिसाचे टोक घेऊन मी त्यावर पातळ वार्निशचा एक हात देते, दोन बोटांत हलकेच ओढते, म्हणजे तंतू एकमेकांना चिकटून टोक अरुंद होते, आणि वाळल्यावर हव्या त्या मापाला कापते. लेटॉर्टच्या माशांनी या बदलाबद्दल कधी तक्रार केलेली मला जाणवली नाही.

प्रत्यक्ष बांधणीबद्दल आता सांगते. गळांच्या क्रमांकात आकडा वाढतो तसा गळ लहान होत जातो. मी जॅसिडसाठी २२ क्रमांकाचा गळ वापरते. अख्खा गळ आंबेमोहोर तांदळाच्या दाण्याएवढा असतो. टेबलाला जखडलेल्या लहानशा शिकंज्यात त्याचा बाक पकडायचा, मागे पांढरा कागद उभा करायचा, भिंगाचा दिवा जवळ ओढायचा आणि बॉबिनमधून दोरा सोडायचा. दोऱ्याची जाडी डेनिअरमध्ये सांगतात, म्हणजे ९,००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधील वजन. मोठ्या फ्लायला १४० डेनिअरचा दोरा चालतो. इथे ३० च्या आसपासचा लागतो, आणि तो हाताच्या किंचित झटक्याने तुटतो. बॉबिन लोंबकळत ठेवून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवली की दोऱ्याचा पीळ सुटतो आणि तो फितीसारखा सपाट पसरतो. सपाट दोऱ्याचा वेढा उंची वाढवत नाही. उलट, एखादा नाजूक तंतू घट्ट आवळायचा असेल तेव्हा पुन्हा पीळ द्यायचा. एकाच फ्लायमध्ये दोरा असा अनेकदा सैल आणि घट्ट करावा लागतो, आणि बोटांना ते एकदा कळले की डोळ्यांना तिकडे पाहावे लागत नाही.

लहान फ्लायमध्ये प्रत्येक वेढ्याची किंमत द्यावी लागते. १२ क्रमांकाच्या गळावर चार वेढे जास्त झाले तर कोणाला कळणार नाही. २२ वर तेच चार वेढे डोक्याचा आकार दुप्पट करतात, किंवा पुढे सरकून गळाचा डोळा झाकून टाकतात, आणि मग थंडीत आखडलेल्या बोटांनी त्या डोळ्यात धागा ओवणे अशक्य होते. यावर उपाय एकच आहे. दांड्याचा पुढचा चौथा भाग मोकळा ठेवायचा, आणि काहीही झाले तरी शेवटच्या गाठीपर्यंत तिथे जायचे नाही. हॅकल बांधताना दोन वेढे, गुंडाळून झाल्यावर दोन, पाठीवरच्या पिसाला तीन, आणि शेवटी चार वेढ्यांची व्हिप फिनिश. या गाठीत दोऱ्याचे टोक त्याच्याच वेढ्यांखाली ओढले जाते, त्यामुळे वेगळी गाठ वर उरत नाही. मग दाभणाच्या टोकावर वार्निशचा एक कण घेऊन तो डोक्याला स्पर्श करवायचा. त्या टोकावर थेंब दिसला तर तो जास्त आहे असे समजावे.

हॅकलचे पीस मात्र आज आपल्याला पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले मिळते, आणि त्याचे श्रेय कोंबड्या पाळणाऱ्यांना आहे. मॅरिनारोंच्या काळी इतक्या आखूड तंतूंची पिसे एखाद्या कोंबड्याच्या मानेवर, अगदी डोक्यालगत, मोजकीच सापडत. ओरेगॉनमधील हेन्री हॉफमन यांनी केवळ पिसांसाठी निवड करत कोंबड्यांची एक शाखा वाढवली, आणि १९८९ मध्ये कोलोरॅडोतील टॉम व्हायटिंग यांनी ती घेऊन तिचा आणखी विस्तार केला. आता एकाच पिसाचे तंतू बुडापासून टोकापर्यंत जवळजवळ सारख्याच लांबीचे असतात आणि एका लांब पिसात अनेक फ्लाय बांधून होतात.

अनावश्यक ते गाळण्याची मॅरिनारोंची हीच दृष्टी इंग्लंडमध्ये फ्रँक सॉयर यांच्याकडे होती. विल्टशरमधील एव्हन नदीची देखभाल करणे हे त्यांचे काम होते, आणि पाण्याखालचे कीटक त्यांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिले होते. मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकाचे पिल्लू पोहताना पाय शरीराला चिकटवून घेते हे त्यांनी पाहिले आणि आपल्या फ्लायला पाय बांधलेच नाहीत. दोरासुद्धा त्यांनी वगळला; तीतराच्या कुळातील फेझंट या पक्ष्याच्या शेपटीचे तंतू त्यांनी बारीक तांब्याच्या तारेने बांधले. त्यामुळे एकाच वस्तूने बांधणी, वजन आणि रंग ही तिन्ही कामे केली. फेझंट टेल ही फ्लाय आज जगभर वापरली जाते, आणि दुकानांत मिळणाऱ्या तिच्या बहुतेक आवृत्त्यांवर पाय बांधलेले असतात. मला ते पाहून वाईट वाटते. ज्या निरीक्षणातून ती फ्लाय जन्मली तेच पुसले गेले आहे.

मिशिगनच्या जॉर्ज ग्रिफिथ यांच्या नावाने ओळखली जाणारी ग्रिफिथ्स नॅट ही फ्लाय निराळ्या वाटेने जाते. ऑ सेबल नदीकाठच्या ग्रिफिथ यांच्याच घरी १९५९ मध्ये ट्राउट अनलिमिटेड या संस्थेची स्थापना झाली. मोरपिसाचा एक तंतू दांड्यावर गुंडाळायचा आणि त्यावरून करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे हॅकल फिरवायचे, एवढीच तिची कृती आहे. वासुदेवाच्या टोपीवरचे मोरपीस पाहत वाढलेल्या माणसाला तो तंतू हातात घेताना आपोआप थांबावेसे वाटते. ही फ्लाय एका चिलटाची नक्कल नाही. मीलनाच्या वेळी पाण्यावर एकत्र वाहणाऱ्या चिलटांच्या पुंजक्याची ती नक्कल आहे असे मानतात, म्हणून ती थोड्या मोठ्या गळावर बांधली तरी मासा फसतो. ज्यांची दृष्टी आता साथ देत नाही त्यांना मी नेहमी हीच सुचवते.

फ्लाय कितीही नेमकी बांधली तरी पाण्यावर तिचे वागणे चुकीचे असेल तर मासा ती घेत नाही, आणि लेटॉर्टवर नकार मिळतो तो बहुतेक वेळा यामुळेच, असे माझे ठाम मत आहे. पृष्ठभागाजवळून खाणारा मासा फार उथळ राहतो. पाण्याखालून बाहेरचे जग एका वर्तुळातूनच दिसते, आणि त्या वर्तुळाचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट असतो. डोळा १० सेंटीमीटर खोल असेल तर वर्तुळ सुमारे २३ सेंटीमीटरचे. त्या वर्तुळाबाहेर पृष्ठभाग खालून आरशासारखा असतो. लहान कीटक खाणारा मासा बाजूला सरकण्याचे कष्ट घेत नाही, म्हणून फ्लाय त्याच्या समोरच्या वीतभर पट्ट्यातूनच यावी लागते. शिवाय फ्लायला बांधलेला पारदर्शक धागा प्रवाहाने ताणला गेला की इतकी हलकी फ्लाय लगेच ओढली जाते आणि पाण्यावर रेघ उमटते. खरा तुडतुडा रेघ काढत नाही. यासाठी मी सात एक्सचा धागा वापरते. अकरामधून हा आकडा वजा केला की धाग्याची जाडी इंचाच्या हजारांशात मिळते, म्हणजे चार हजारांश इंच, साधारण ०.१ मिलिमीटर. असा धागा लांब ठेवला की तो पाण्यावर सैल वेटोळी घालून पडतो आणि ती वेटोळी सुटेपर्यंतचे दोन-तीन सेकंद फ्लाय मोकळी वाहते. गळाची पकड घेण्यासाठी झटका द्यायचा नसतो. काठी फक्त उचलायची. गळाचे पाते बारीक असल्यामुळे ते सहज रुतते, आणि टोकाजवळचा उलटा काटा आधीच दाबून टाकलेला असल्यामुळे माशाला पाण्याबाहेर न काढताही तेवढ्याच सहज सुटते. लेटॉर्टच्या एका मोठ्या टप्प्यात मासा परत सोडण्याचा नियमच आहे; तो नसता तरी मी सोडलाच असता.

जुलै सरत आला की माझ्या शिकंज्यात तुडतुड्यांची जागा ट्रायको घेतात. ही अतिशय लहान मेफ्लाय आहे. चेंबर्सबर्गच्या फॉलिंग स्प्रिंग या ओढ्यावर ऑगस्टच्या सकाळी त्यांचे थवे हवेत धुक्यासारखे तरंगतात, आणि मीलनानंतर ते पंख पसरून पाण्यावर पडतात. नर काळा असतो. मादीचे पोट अंडी घालण्याआधी हिरवट आणि घातल्यानंतर फिकट दिसते, म्हणून मी फिकट ऑलिव्ह आणि काळा असे दोन दोरे जवळ ठेवते आणि २४ क्रमांकाच्या गळावर दोन्ही बांधते. पोटाला फक्त दोऱ्याचा एक थर पुरतो. पंखांसाठी पांढऱ्या पॉलिप्रोपिलीनचे तंतू आडवे बांधायचे असतात, आणि इथे जवळजवळ प्रत्येक जण ते जास्त घेतो, कारण हातात धरलेला विरळ पंख आपल्याला अपुरा दिसतो. फ्लाय काचेच्या बशीतल्या पाण्यावर टाकून, बशी डोळ्यांच्या वर धरून खालून पाहावे. त्या कोनातून सहा-सात तंतूंचाही पंख पुरेसा भरलेला दिसतो, आणि मी त्याहून जास्त बांधत नाही.